भौतिकशास्त्र आणि गणित एकत्र घेऊन बी.एस्सी.: सांगली-साताऱ्याच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशाची मुदत संपेपर्यंत गणितीय भौतिकीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलं तरी चालेल. मेजर-मायनरचा (मुख्य विषय कोणता आणि जोडविषय कोणता) प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा. तिथं चुकलेला निर्णय तिसऱ्या वर्षी दुरुस्त करता येत नाही.

गणितीय भौतिकीत नेमकं काय शिकायचं असतं?

निसर्गाचा नियम गणितात मांडून झाला की त्या गणिताचीच कसून तपासणी करायची, हे या विषयाचं काम. समीकरणाला उत्तर आहे का? असलं तर एकच आहे का? सुरुवातीची मोजणी किंचित चुकली तर उत्तर किती हलतं? एखादी राशी कधीच का बदलत नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एमी नोएदर यांनी १९१८ साली दिलं. अकरावीला ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वेगळा पाठ केलेला असतो आणि संवेग अक्षय्यतेचा वेगळा. कोनीय संवेगाचा नियम तर आणखी एका धड्यात असतो. नोएदर यांच्या प्रमेयाप्रमाणे निसर्गाचे नियम काल आणि आज सारखेच आहेत म्हणून ऊर्जा टिकते, इथं आणि तिथं सारखेच आहेत म्हणून संवेग टिकतो, कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी सारखेच आहेत म्हणून कोनीय संवेग टिकतो. लाग्रांजची पद्धत (यांत्रिकी ऊर्जेच्या भाषेत मांडायची रीत) शिकून झाली की पदवीच्या विद्यार्थ्याला हे स्वतः सिद्ध करता येतं.

मग सैद्धांतिक भौतिकी आणि हे एकच का?

शेजारी आहेत, आणि मधली भिंत बुटकी आहे. सैद्धांतिक भौतिकीत हिशोब केला, प्रयोगाशी जुळला, की माणूस पुढच्या कामाला लागतो. गणितीय भौतिकीवाला तिथंच थांबून विचारतो की हे जुळलं कसं, आणि कुठल्या अटी मोडल्या तर जुळणार नाही. दगड स्वतःच्याच विद्युत आकर्षणानं आत का कोसळत नाही, हे पुंज यांत्रिकीमुळे (क्वांटम मेकॅनिक्स) कळलं असं १९२६ नंतर सगळेच धरून चालले होते. पण कोट्यवधी कणांच्या पदार्थासाठी त्याची पक्की सिद्धता डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये दिली. पाउलीचं अपवर्जन तत्त्व (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) काढून घेतलं तर ती सिद्धता उभी राहत नाही.

आणखी एक छोटं उदाहरण देतो, कारण मूल या वाटेचं आहे की नाही ते यावरून बऱ्यापैकी कळतं. पुंज यांत्रिकीत स्थान आणि संवेग यांचा गुणाकार क्रम बदलला की बदलतो. दोन्हींतला फरक म्हणजे आय गुणिले एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) गुणिले एकक मॅट्रिक्स. आता समजा स्थान आणि संवेग या दोन साध्या चौरस मॅट्रिक्स आहेत, शंभर बाय शंभरच्या. कर्णावरच्या संख्यांची बेरीज घ्या. डाव्या बाजूला ती नेहमीच शून्य येते, कारण दोन मॅट्रिक्स कुठल्याही क्रमानं गुणल्या तरी गुणाकाराच्या कर्णाची बेरीज तीच राहते. उजव्या बाजूला येते शंभर गुणिले आय एच-बार. शून्य बरोबर शून्य नसलेलं काहीतरी! म्हणजे शंभर काय, कोटी बाय कोटीची मॅट्रिक्स घेतली तरी पुंज यांत्रिकीचा हा पायाभूत नियम तिच्यात मावत नाही. अनंत मितींचं अवकाश घ्यावंच लागतं आणि तिथं मॅट्रिक्सचे ओळखीचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत.

हे वाचून ‘मग अनंत मितीत नेमकं काय बिघडतं?’ असं ज्याच्या तोंडून आपोआप निघतं, त्याचा हा विषय. ज्याच्या तोंडून ‘हे परीक्षेला येतं का?’ असं निघतं, त्याचाही असू शकतो. जरा वेळ लागेल, इतकंच.

याचा व्यवहारात काय उपयोग?

हा प्रश्न बहुधा वडिलांकडून येतो, आणि रास्त आहे.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत. वर ऊन असो की थंडी, खोल जमिनीत तापमान फारसं हलत नाही हे पेव खणणाऱ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. किती खोलीवर किती हलतं, हे उष्णतावहनाचं समीकरण सांगतं. वर्षभरात पृष्ठभागाचं तापमान लाटेसारखं वरखाली होतं असं धरा. मातीतून उष्णता पसरण्याचा गुणांक सेकंदाला साधारण अर्धा चौरस मिलिमीटर घ्या. समीकरण सोडवल्यावर दिसतं की ही लाट खाली जाताना विरत जाते आणि मागेही पडत जाते. सुमारे सव्वादोन मीटरवर तिची उंची ३७ टक्के उरते आणि ती जवळपास दोन महिने उशिरा पोचते. सात मीटरवर उरते फक्त चार टक्के, आणि उशीर होतो बरोबर सहा महिन्यांचा. वर कडाक्याची थंडी असते तेव्हा तिथं वर्षातलं सगळ्यात जास्त तापमान असतं! दिवस-रात्रीची लाट तर दीड-दोन विती खाली जाईपर्यंत संपते. माती आणि ओल बदलली की आकडे बदलतात, पण उत्तराचा आकार तोच. फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीतल्या उष्णतेचा असाच हिशोब केला होता. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वहीत करता येतं.

साताऱ्याकडे बघायचं तर कोयना आहेच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास अजून चालू आहे आणि केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खोल विंधनविवरांवर काम करणारी प्रयोगशाळा कराडला आहे. वर नोंदवलेल्या कंपनांवरून आत काय आहे ते ओळखायचं, या उलट्या गणितांना उत्तर एकच असतं का, हा शुद्ध गणितीय भौतिकीचा प्रश्न आहे.

सांगली-साताऱ्यात या नावाची पदवी मिळते का?

परदेशात एडिंबरा, वॉटर्लू, ब्राउन अशा विद्यापीठांत गणितीय भौतिकी याच नावानं पदवी घेता येते. आपल्याकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र यांची तीन वर्षांची एकत्र ऑनर्स पदवी आहे. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत मात्र गुणपत्रिकेवर ‘भौतिकशास्त्र’ किंवा ‘गणित’ असंच लिहून येईल. जोडी तुम्ही जमवायची. नाव नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. पुढच्या प्रवेशाला तुमची परीक्षा होते ती विषयांची.

मेजर काय घ्यावं आणि मायनर काय?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर साधारण असं चालतं: पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षापासून त्यांतला एक मेजर, एक मायनर आणि तिसरा सुटतो. स्वायत्त कॉलेजांत आणि क्लस्टर विद्यापीठात (काही कॉलेजं मिळून झालेल्या विद्यापीठात) मांडणी थोडी वेगळी असू शकते, म्हणून आपल्या कॉलेजचं परिपत्रक वाचा.

माझं मत विचाराल तर भौतिकशास्त्र मेजर, गणित मायनर. कारण अगदी साधं आहे. रेषीय बीजगणित किंवा वास्तव विश्लेषण घरी बसून, वही-पेनावर शिकता येतं. कष्ट पडतात, पण येतं. वर्णपटमापी आणि ऑसिलोस्कोप घरी नसतो. शिवाय विद्युतचुंबकत्व, पुंज यांत्रिकी, सांख्यिकीय यांत्रिकी हे विषय एकमेकांत इतके गुंतलेले असतात की मायनरच्या तुटपुंज्या श्रेयांकांत (क्रेडिट) ते तुकड्यातुकड्यांनी येतात आणि चित्र काही बसत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सिद्धता लिहायची सवय एकट्यानं लागत नाही. आपली सिद्धता आपल्याला नेहमी बरोबरच वाटते, भोक दुसऱ्यालाच दिसतं. म्हणून भौतिकशास्त्र मेजर घेणाऱ्यानं गणिताच्या एका शिक्षकांना गाठून आठवड्याला एक सिद्धता तपासून घ्यायची विनंती करावी. लहान गावातल्या कॉलेजचा हा मोठा फायदा आहे. वर्गात मुलं कमी असतात आणि सर-मॅडम स्टाफरूममध्ये सापडतात.

ज्याला प्रयोगशाळेत जीव रमत नाही आणि प्रमेयात रमतो, त्यानं खुशाल गणित मेजर घ्यावं. आपल्याकडे सापेक्षतावादाचं बरंचसं सुरुवातीचं काम गणिताच्याच विभागांत झालं. बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर गणित विभागाचे प्रमुख होते, आणि त्यांच्याकडे काम करत असताना प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचं समीकरण सोडवलं. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनीही केंब्रिजला परीक्षा दिली ती गणिताचीच.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘मार्क पडत नाहीत’ म्हणून पहिल्या वर्षानंतर गणित सोडून तिसरा सोपा विषय मायनरला घेणं. गणित सुटलं की एम.एस्सी.च्या काही प्रवेशांची दारं बंद होतात, कारण अनेक संस्थांत पदवीला ठरावीक सत्रं गणित असण्याची अट असते.

तिसरा विषय कोणता?

संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर ते. नाहीतर रसायनशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स, काही बिघडत नाही.

कोणत्या कॉलेजात जावं?

दोन्ही जिल्ह्यांत चांगल्या परंपरेची कॉलेजं आहेत. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आहे. साताऱ्याची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स रयत शिक्षण संस्थेनं १९५८ मध्ये सुरू केली आणि आता ती कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा घटक आहे. कराड, तासगाव इथंही भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही शिकवणारी कॉलेजं आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी पदवी शिवाजी विद्यापीठाची. रोज तीन तास एसटीत घालवून ‘मोठ्या’ कॉलेजात जाण्यापेक्षा जवळच्या कॉलेजात जाऊन ते तीन तास अभ्यासाला द्यावेत असं मला वाटतं.

बारावीला गणित नव्हतं. चालेल का?

या जोडीला नाही. जीवशास्त्राचा गट घेतलेल्या मुलांनी आधी बारावीचं गणित स्वतंत्रपणे देता येतं का ते पाहावं.

गणित होतं, पण मार्क साठच आहेत.

अडचण नाही. बारावीचे मार्क बहुतांशी वेगाचे असतात. इथं एका गणिताला दोन दिवस लागले तरी कुणी ओरडत नाही. साठ मार्कवाल्या मुलानं जूनमध्ये फक्त अवकलन, समाकलन आणि सदिश पुन्हा करावेत, सूत्र कुठून आलं ते शोधत. नव्वद मार्कवाल्यानंही तेच करावं, कारण त्याला बऱ्याचदा सूत्रं येतात आणि उगम येत नाही.

तीन वर्षांत काय कोणत्या क्रमानं शिकावं?

वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं. वहीतला क्रम तुमचा. पहिल्या वर्षी कलन, सदिश, साधी अवकल समीकरणं आणि न्यूटनची यांत्रिकी पक्की करा. विश्लेषणाची (अॅनालिसिस) चवही याच वर्षी घ्या: क्रमिका अभिसारी आहे, एका संख्येकडे जाते, म्हणजे नेमकं काय, एवढं जरी मनापासून समजलं तरी खूप झालं.

दुसऱ्या वर्षाचा राजा म्हणजे रेषीय बीजगणित. वर्गात ते मॅट्रिक्सच्या आकडेमोडीसारखं शिकवलं जातं आणि मुलं निर्धारक काढत बसतात. त्याऐवजी सदिश अवकाश, रेषीय रूपांतरण, आयगेन-मूल्यं आणि अंतर्गुणन हे चार विषय हळूहळू, सिद्धतांसह करा. दोन लंबकं स्प्रिंगनं जोडली तर त्यांच्या हालचालीचे दोन मूळ प्रकार म्हणजे आयगेन-सदिश. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या म्हणजे आयगेन-मूल्यं. फूरिए श्रेणी म्हणजे एका सदिशाचे एकमेकांशी लंब असलेल्या दिशांवरचे घटक. यांत्रिकी, लहरी आणि पुंज यांत्रिकी या तीन पेपरांत तीन नावांनी एकच गोष्ट येते, हे ज्याला दुसऱ्या वर्षी दिसलं त्याचं तिसरं वर्ष निम्मं हलकं होतं.

तिसऱ्या वर्षी लाग्रांज-हॅमिल्टन, पुंज आणि सांख्यिकीय यांत्रिकी, सोबत संमिश्र विश्लेषण, आंशिक अवकल समीकरणं, थोडा गटसिद्धांत. लजांड्र, हर्मिट, बेसेल यांची फलनं पाठ करू नका. गोल वस्तू आली की लजांड्र, नळकांडं आलं की बेसेल आणि पुंज यांत्रिकीतला दोलक आला की हर्मिट. समीकरण सोडवताना ती आपोआप समोर येतात.

संस्थितीशास्त्र (टोपॉलॉजी), वक्र अवकाशाची भूमिती, फलनक विश्लेषण हे सगळं नंतर. पहिल्याच वर्षी स्ट्रिंग सिद्धांताचे व्हिडिओ बघून वही कोरी ठेवणारी मुलं दरवर्षी असतात.

सिद्धांतातच जायचं असेल तर प्रॅक्टिकल कशाला?

मार्कांसाठी तर हवंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकड्याला त्रुटी असते हे प्रॅक्टिकललाच कळतं. जर्नल मित्राचं बघून उतरवलं की नेमकं तेवढंच शिकायचं राहतं.

क्लास लावावा का?

बारावीसारखा क्लास या विषयाला सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी पाठांतर करवून घेणारा असतो. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांची गणितीय भौतिकीची, पुंज यांत्रिकीची पूर्ण व्याख्यानं मोफत आहेत. इंग्रजी सुरुवातीला जड जातं. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलाला दोन महिने, मराठी माध्यमातल्याला थोडे जास्त. शंका मात्र मराठीतच विचारा, आपसांत चर्चाही मराठीतच करा.

चौथं वर्ष करावं की तीन वर्षांनी बाहेर पडावं?

तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. एम.एस्सी.ला चांगल्या संस्थेत तीन वर्षांनीच प्रवेश मिळत असेल तर जा. मिळाला नाही, पण गुण चांगले आहेत आणि कॉलेजात संशोधनाला मार्गदर्शन करणारे कुणी खरोखर आहेत, तर संशोधनासह ऑनर्सचा विचार करा. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. कागदावर मार्गदर्शक सगळीकडे असतात.

पुढं कोणत्या परीक्षा द्याव्यात?

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम ही मुख्य. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. तिच्यात भौतिकशास्त्राचा आणि गणिताचा असे वेगळे पेपर आहेत, आणि भौतिकशास्त्राच्या पेपरातही गणितीय पद्धतींचा स्वतंत्र भाग असतो. तुमची जोडी तिथं लगेच उपयोगी पडते. थेट संशोधनाकडे जायचं असेल तर जेस्ट (अनेक संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा) आणि टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, प्रवेश परीक्षा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटीची पदव्युत्तर परीक्षा. तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरू करावी. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत सुरू करणाऱ्यांची धावपळ होते.

बारावीनंतरच बाहेर जायचं असेल तर?

आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची अभियोग्यता चाचणी, भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईचं मूलभूत विज्ञान केंद्र या दोन संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा, चेन्नईच्या संस्थेची स्वतःची परीक्षा. तीनपैकी दोन संधी हुकल्या तरी खचू नका, पण अर्ज भरायचे राहिले असं होऊ देऊ नका. जेईईच्या नादात या तारखा निघून जातात.

शिष्यवृत्ती आणि सुट्टीतली शिबिरं?

केंद्राच्या इन्स्पायर योजनेत मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मदत आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असणं हा त्याचा एक मार्ग. नियम दरवर्षी बघून घ्या.

गणितासाठी १९९३ पासून चालणारं एमटीटीएस शिबिर माझ्या मते सगळ्यात मोलाचं. तिथं शिकवत नाहीत, प्रश्न विचारून विचारून तुमच्याकडून सिद्धता काढून घेतात. भौतिकशास्त्रासाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस उपक्रम आहे. पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र साताऱ्याहून ११० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या उन्हाळी कार्यक्रमांना जरूर अर्ज करा. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही आहे. तिच्या अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि ते आदल्या दिवशी मागितलं तर आदल्या दिवसासारखंच मिळतं.

नोकरी मिळेल का?

नुसत्या बी.एस्सी.वर या विषयाची अशी ठरलेली नोकरी नाही. हे प्रवेशाआधीच घरात बोलून घ्या. किमान पाच वर्षांची तयारी हवी.

एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा, हवामान खातं, भूभौतिकी, विदा (डेटा) विश्लेषण, वित्तीय गणित असे रस्ते आहेत. शेवटच्या दोन क्षेत्रांत संभाव्यता आणि प्रोग्रॅमिंग विचारतात, पुंज यांत्रिकी विचारत नाहीत. पण आंशिक अवकल समीकरणांशी झुंजलेल्या मुलाला ते शिकायला वेळ लागत नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. आणि सेट झाल्यावरही कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काही वर्षं काढावी लागतात, हे आजचं महाराष्ट्राचं चित्र आहे. घरची ओढाताण असेल तर एम.एस्सी.च्या जोडीनं दुसरा एखादा उत्पन्नाचा रस्ता तयार ठेवावा.

इंजिनीअरिंगला मिळतंय. ते सोडून हे करावं का?

मुलाला रिकाम्या वेळात काय करावंसं वाटतं ते बघा. यंत्र उघडून बघत असेल तर इंजिनीअरिंग. कोड्यात दोन तास अडकून जेवायला बोलावलं तरी उठत नसेल तर हे. शेजाऱ्यांचा मुलगा काय करतो, हा निकष धरू नका.

लॅपटॉप लागतो का?

दुसऱ्या वर्षापासून उपयोग होतो. जुना चालतो. पायथन आणि सायलॅब दोन्ही मोफत आहेत. तोवर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा वापरा.

प्रवेश घेताना ऑफिसात काय विचारायचं?

तीनच गोष्टी, आणि उत्तर कागदावर बघून घ्या. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र-गणित ही मेजर-मायनर जोडी मिळते का? गणिताचे तास आणि भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स एकाच वेळी तर येत नाहीत ना? मायनरला गणित घेतल्यास रेषीय बीजगणिताचा पेपर मिळतो का? पहिल्या प्रश्नाला खिडकीवर ‘बघू पुढच्या वर्षी’ असं म्हणाले, तर थेट विभागप्रमुखांकडे जा.